केस बदलता येणारा ब्रश करायचाय? आधी केस झिजतोय की मरतोय ते बघ

एका मेकॅनिकल डिप्लोमाच्या पोरानं विचारलंय की, 'रंगाचा ब्रश असा करायचाय की हँडल तेच राहील आणि केस खराब झाले की फक्त केस काढून नवीन बसवायचे, तर लॉक कसलं ठेवू, स्नॅप फिट, स्क्रू की मॅग्नेट?' त्याखाली तिघाचौघांनी आपापलं लॉक सुचवलंय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वीस-बावीस वर्षं टूलरूम चालवतोय, ब्रशच्या पत्र्याच्या (केसांच्या मुळाभोवती असतो तो) डाय केल्यात, ब्रश भरायच्या जिग केल्यात, आणि नेमका हाच ब्रश करण्यात माझी तीन वर्षं गेलीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

भावा, लॉक नंतर. आधी मला एक सांग, तुझ्या गिऱ्हाइकाचा ब्रश वाया कशानं जातोय? केस झिजून की केस मरून? म्हणजे घासून घासून केस आखूड झाले म्हणून ब्रश टाकला, की रंग मुळात वाळून केस दगडासारखे झाले म्हणून टाकला? ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्हींना लागणारा सांधा वेगळा आहे. घरातल्या रंगकामात शंभरातले बहुतेक ब्रश मरतात, झिजत नाहीत. पेंटर जेवायला बसतो, ब्रश डब्यावर आडवा राहतो, संध्याकाळी घाईत टर्पेंटाइनमधनं वरवर हलवून काढतो, टोकाला स्वच्छ दिसतो पण केस जिथं पत्र्यात जातात तिथं रंग तसाच असतो. असं चार दिवस झालं की मूळ कडक होतं, केस फाकतात, कडेला सरळ रेघ निघत नाही, मग तो ब्रश प्रायमरला, नंतर लांबीची, म्हणजे पुट्टीची, धूळ झाडायला, आणि शेवटी कचऱ्यात. आता विचार कर, ज्या जागी रंग वाळून केस मरतो बरोबर तिथंच तू सांधा ठेवणार असशील तर केसाच्या आधी तुझा सांधाच मरणार.

माझं पहिलं मॉडेल ह्यानंच गेलं. एका पार्टीनं ऑर्डर दिली होती, मी केसांच्या लगेच मागं एक डव्हटेल, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, खाच ठेवली, केसांचा ठोकळा बाजूनं सरकवायचा आणि कडेला छोटी क्लिप. टेबलावर काय सुंदर चालायचं. राजारामपुरीत एका बंगल्याचं काम चाललेलं तिथल्या पेंटरांना सहा ब्रश दिले, दारंखिडक्यांचं ऑइल पेंट होतं. तिसऱ्या दिवशी बघायला गेलो तर सहाच्या सहा घट्ट बसलेले, एकानं हातोडीनं ठोकून काढायचा प्रयत्न केला तर खाचेचा ओठच तुटला. दोन पत्रे जवळ आले की मधल्या बारीक फटीत पातळ रंग आपोआप ओढला जातो, जसं दिव्याच्या वातीतनं तेल वर चढतं तसं. ब्रश रंग धरतो तोही ह्याच गुणावर, केसाकेसामधल्या फटीत रंग चढून बसतो म्हणून. मग तो रंग तुझ्या सांध्याच्या फटीत का चढणार नाही? आणि छत रंगवताना ब्रश उलटा असतो तेव्हा तर रंग सरळ खाचेतच उतरतो.

म्हणून पहिला निर्णय हा की बदलायचं काय. तू लिहिलंयस 'फक्त केस'. सुटे केस बदलणं होत नाही, का ते सांगतो. दोन इंची ब्रशात हजारो केस असतात, त्यांची मुळं इपॉक्सीत बसवलेली असतात, मधे लाकडाची किंवा पुठ्ठ्याची एक पट्टी असते तिच्यामुळं आत पोकळी होते आणि तिथं रंगाचा साठा राहतो, भोवती पत्रा आणि मग हँडल. इपॉक्सीशिवाय नुसतं शिकंजात धरून केस राहतील असं वाटतं, मीही करून बघितलंय. बाहेरचे केस दाबले जातात, आतल्या केसांवर दाब सारखा पोचत नाही, पहिल्याच भिंतीवर मूठभर केस रंगात चिकटलेले दिसतात. त्यात डुकराचा केस असला तर पाण्यात फुगतो, वाळला की आकसतो, म्हणजे आज घट्ट बसलेलं उद्या ढिलं. सिंथेटिक केस, म्हणजे नायलॉन किंवा पीबीटी, ह्यांची मुळं तापवून एकमेकांत वितळवता येतात, तसा ठोकळा इपॉक्सीशिवाय होतो, पण डुकराचा केस वितळत नाही, जळतो. तेव्हा बदलायचा भाग म्हणजे केस, इपॉक्सी आणि पत्रा मिळून एक 'डोकं', आणि सांधा पत्र्याच्या मागं, हँडलच्या बाजूला. तिथं रंग पोचतच नाही असं नाही, ओघळ येतोच, पण तिथं तो बाहेरनं येतो, पुसता येतो.

ह्यावर कुणीतरी म्हणेल की मशीनला लावतात ते स्ट्रिप ब्रश असतात की, पत्र्याच्या चॅनेलमध्ये तारेभोवती दुमडलेले केस दाबलेले असतात आणि ती पट्टी अॅल्युमिनियमच्या होल्डरमध्ये सरकवून बदलता येते. बरोबर आहे, ती चांगली चालते, पण ती धूळ अडवते, रंगात बुडत नाही. रोलरचंही तसंच. रोलरची स्लीव्ह बदलता येते कारण ती आख्खी पिंजऱ्यावर ओवलेली असते, पकड लांब असते आणि काढताना जोर सरळ ओढीत लागतो. ब्रशात जोर वाकवण्याचा असतो आणि तिथंच सगळी गंमत आहे.

तो जोर किती ते साध्या गणितानं बघ. केसांच्या टोकापासून तुझ्या सांध्याच्या तोंडापर्यंत 75 एमएम धर. पेंटरनं जोरात दाबलं तर टोकाला किलोभर जोर येतो. सांध्याची जीभ, म्हणजे डोक्याचा हँडलमध्ये शिरणारा भाग, 15 एमएमच आत असेल तर जिभेच्या मागच्या टोकावर 75 भागिले 15, म्हणजे पाच किलो जोर बसतो, आणि तोंडाशी सहा. प्रत्येक फटकाऱ्याला उलटसुलट. तीच जीभ 45 एमएम केलीस की मागं पावणेदोन किलोच्या आत येतं. आता ढिलाई बघ. सांध्यात 0.2 एमएम खेळ राहिला, जो साध्या सरकत्या फिटमध्ये राहतोच, तर 15 एमएमच्या जिभेला टोकाशी एक एमएम डुगडुग होते, 45 ला होते तिसरा हिस्सा. एक एमएम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण भिंत आणि छत जिथं मिळतं तिथं कटिंग, म्हणजे कडेची सरळ रेघ, करणाऱ्या माणसाच्या हातात तो ब्रश दे, तो दोन मिनिटांत परत देईल. पेंटरच्या हाताला ब्रश हा बोटाचाच पुढचा भाग असतो, तिथं डुगडुग त्याला सहन होत नाही आणि का व्हावी?

म्हणून माझं मत, कुठल्याही सरकत्या चौकोनी खाचेपेक्षा टेपर, म्हणजे पुढं निमुळती होत जाणारी जीभ. तू लेथवर काम केलंयस, टेलस्टॉकमधलं सेंटर कसं बसतं ते बघितलंयस, मोर्स टेपर साधारण विसाला एक असतो, हातानं ढकललं की घट्ट आणि ड्रिफ्ट, म्हणजे पाचर, मारली की मोकळं. टेपरचा फायदा असा की खेळ उरतच नाही, जेवढं झिजेल तेवढं जरा आत जाऊन बसतं. पण विसाला एक हा फारच चिकट, ड्रिफ्टशिवाय निघत नाही, आणि पेंटर काय शिडीवर ड्रिफ्ट घेऊन चढणार नाही. मी जरा पसरट टेपर घेतला, दहाला एकच्या आसपास, म्हणजे तेवढा चिकटून बसत नाही, आणि तो आत ओढून धरायला मागं एक छोटा कॅम लिव्हर, फिरवला की आवळणारी खिटी. जीभ चपटी ठेवली, म्हणजे डोकं हँडलला नेहमी एकाच दिशेत बसतं.

स्क्रूचं हेच दुखणं आहे बघ. आटे कुठं संपतील ते दर डोक्याला जरा वेगळं, मग चपटा ब्रश हँडलच्या मानानं तिरपा उभा राहतो, आणि आट्यात वाळलेला रंग काढायला कुणाला वेळ आहे? मॅग्नेटबद्दल एवढंच की सरळ ओढलं तर चांगलं धरतं, पण वाकवलं तर एका कडेनं उचलून सुटतं, आणि ब्रशाला वाकवणंच तर लागतं. स्नॅप फिट पूर्ण वाईट नाही, पण प्लास्टिकची जी क्लिप बंद स्थितीतही ताणलेली राहते ती महिनाभरात ढिली पडते, प्लास्टिक ताण सोडतं. क्लिप वापरायची तर बसल्यावर ती मोकळी उभी असली पाहिजे, फक्त आडवी येणारी, ताणलेली नको.

आणि लिव्हर कुठं ठेवशील? पेंटर ब्रश कसा धरतो ते जाऊन नीट बघ. हँडलच्या मधे कमी माणसं धरतात, कसबी माणूस बोटं पत्र्यावर ठेवतो, पेनसारखी. म्हणजे पत्र्याच्या रुंद बाजूवर बटण ठेवलंस की काम करता करता दाबलं जाणार आणि डोकं डब्यात. माझ्या दुसऱ्या मॉडेलला हेच झालं. लिव्हर अरुंद कडेला आणि हँडलच्या मागच्या अर्ध्या भागात असावा, रंगानं माखलेल्या अंगठ्यानं उघडता यावा, आणि त्याच्या खिटीत फट अशी की तिथं ओघळ आला तर कापडानं पुसता यावा. एकतर अगदी घट्ट चिकटलेली फट नाहीतर दोन-तीन एमएम मोकळी फट, मधलं काही ठेवू नकोस, मधल्या फटीच रंग ओढून घेतात.

आता मटेरियल. इथं 'हेच वापर' असं एक उत्तर नाही, तू कुठल्या रंगात ब्रश बुडवणार त्यावर आहे. इमल्शन आणि डिस्टेंपरला पाणी लागतं, तिथं जवळपास काहीही चालतं. ऑइल पेंटला टर्पेंटाइन, आणि लाकडाच्या पॉलिशला एनसी थिनर, जो फार तेज. एबीएस प्लास्टिक थिनरमध्ये विरघळतं, तेव्हा थिनरवाल्या ब्रशात ते ठेवूच नकोस. पॉलिप्रॉपिलीन बऱ्यापैकी टिकतं पण रात्रभर टर्पेंटाइनमध्ये उभं ठेवलं तर फुगतं. नायलॉन टर्पेंटाइनला दाद देत नाही पण पाणी पितं आणि मापं बदलतात, टेपर असला तर हे जास्त जाणवतं. लाकडी हँडलमध्ये खाच कोरायचा मोह होईल, नको, पावसाळ्यात लाकूड फुगलं की जीभ निघणार नाही आणि उन्हाळ्यात तेच हँडल ढिलं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ते आपण दर वर्षी बघतोच की.

मी शेवटी असं केलं की जे बुडतं ते धातूचं, जे बुडत नाही ते प्लास्टिकचं. 304 स्टेनलेसचा पातळ पत्रा घेतला, पुढनं नेहमीचा पत्रा, आणि मागचा भाग लांब ठेवून दाबून त्याचीच चपटी टेपर जीभ केली. वेगळा पार्ट नाही, रिव्हेट नाही, प्रेसवर दोन-तीन ऑपरेशन. इपॉक्सी आत भरली की पत्रा मागनं आपोआप बंद. एक फायदा अजून, जो मला आधी कळला नव्हता. प्लास्टिकचा ठोकळा केला की त्याची भिंत मोल्डिंगसाठी साधारण दीड एमएम जाड ठेवावी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून तीन एमएम. 50 एमएमच्या ब्रशाचं अंग 53 होतं आणि कोपऱ्यात केस पोचायच्या आधी प्लास्टिक भिंतीला टेकतं. धातूचा पत्रा अर्ध्या एमएमचा किंवा त्याहून पातळ, म्हणून तर जुन्या माणसांनी तो निवडला.

इपॉक्सीला एक काळजी घे. मुळात ओतली की ती केसातनं वर चढते, जास्त पातळ असली तर बरीच वर जाते आणि ब्रश जन्मतःच कडक. जरा घट्ट घे, चढ किती होतो ते दोनचार डोकी कापून बघ, आणि थिनरवाल्या कामासाठी वापरणार असशील तर पूर्ण आठवडाभर पक्की होऊ दे. दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागते पण थिनरला अजून कच्चीच असते.

केसांबद्दल थोडंसं. ऑइल पेंटला डुकराचा केस अजून भारी, मुळाशी जाड टोकाशी बारीक, आणि टोक फुटलेलं असतं त्यामुळं रंग धरतो आणि रेघा कमी येतात. पाण्याच्या रंगात तो मऊ पडतो, तिथं सिंथेटिकच. काही गिऱ्हाइकांना डुकराचा केस चालत नाही, तेही आधी विचार. तयार विंचरलेला केस हवा असेल तर उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोटमध्ये ब्रशाचाच धंदा आहे, तिथनं मागव, स्वतः विंचरत बसू नकोस. मुंगसाचे केस कुणी दिले तर घेऊ नकोस, वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला बंदी आहे आणि ते जनावर त्या केसांसाठीच मारतात.

इथपर्यंत थोडक्यात धर: डोकं आख्खं बदलायचं, सांधा पत्र्याच्या मागं, लांब चपटी टेपर जीभ, लिव्हर अरुंद कडेला, बुडणारा भाग धातूचा. आता पैशाचं बोलू, कारण माझी पार्टी इथंच थांबली.

ब्रशात सगळ्यात महाग केस असतो. हँडल सगळ्यात स्वस्त. म्हणजे आपण महाग भाग फेकून स्वस्त भाग वाचवतोय. डोक्याची किंमत काढली तेव्हा ती आख्ख्या साध्या ब्रशाच्या अगदी जवळ गेली, आणि वर ते लिव्हरवालं हँडल वेगळं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, चार मापाची डोकी ठेवू, हँडल ठेवू, आणि उद्या तुमचं डोकं मिळेना झालं की गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडणार. त्याचं काही चुकलं नव्हतं. कुदळीचा दांडा मोडला की आपण नवीन दांडा घालून पाचर ठोकतो, कारण लोखंड महाग आणि दांडा स्वस्त. टाकाची निब बदलतो कारण निब स्वस्त. तुझ्या ब्रशात टिकणारी बाजू स्वस्त आणि जाणारी बाजू महाग, हे उलटं गणित आहे, आणि ते मान्य करूनच पुढं जा. घरगुती गिऱ्हाइकाला 'पैसे वाचतील' असं सांगून हा ब्रश विकला तर ते खोटं होईल.

मग कुठं जमतं? मला ते अचानक सापडलं, शिरोलीच्या एका फाउंड्रीत दुसऱ्याच कामाला गेलो होतो तेव्हा. वाळूच्या साच्याला आणि कोअरला, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्याला, ओतकामाच्या आधी वॉश, म्हणजे पातळ लेप, मारतात, ग्राफाइटचा किंवा झिरकॉनचा, पुष्कळ ठिकाणी हातानं ब्रशानंच. तिथं ब्रश मरत नाही, झिजतो. वाळूवर घासून घासून केस आखूड होतात, थोड्याच दिवसांत बुंधा उरतो, आणि हँडल मात्र नवंकोरं. स्पिरिटचा वॉश असला तर पेटवून उडवतात, सांध्यात वाळून दगड होणारं तेलही नाही. शिवाय साच्यात केस गळला तर कास्टिंगला डाग येतो, म्हणून त्यांना इपॉक्सीत पक्कं बसवलेलं, ओढून तपासलेलं डोकं हवं असतं, सुटा स्वस्त ब्रश त्यांना महागात पडतो. आणि खोल साच्यात हात पोचत नाही म्हणून लांब, वाकडं हँडल लागतं, ते दर वेळी फेकणं त्यांना जड. तिथं माझं तिसरं मॉडेल बसलं. आजही ती डोकी मी करतो, फार मोठा धंदा नाही, पण माणसं परत मागतात.

चित्रकारांच्या ब्रशाबद्दल खाली एका ताईंनी विचारलंय म्हणून सांगतो. आपलं कलापूर, इथं हा प्रश्न येणारच. गोल बारीक ब्रशाचं सगळं मोल त्याच्या टोकात असतं, केसांची नैसर्गिक टोकं एकत्र जुळवून, दोऱ्यानं बांधून आकार देतात, कापून टोक करत नाहीत. तिथं सांधा आला की तोल मागं जातो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या बापट कॅम्पातल्या कारागिराला विचारा, तो हलका, एकसंध ब्रशच मागेल. प्रवासात नेण्यासाठी दोन तुकड्यांचा ब्रश ठीक आहे, पण तो केस बदलण्यासाठी नसतो.

घरच्या रंगकामातही एक जागा मला दिसते, ती म्हणजे एक हँडल आणि तीन-चार मापांची डोकी घेऊन फिरणारा पेंटर, ज्याला लांब काठीवर तेच डोकं लावायचंय आणि संध्याकाळी फक्त डोकी एका डब्यात टर्पेंटाइनमध्ये झाकण लावून ठेवायचीत. हँडल नसल्यानं झाकण बसतं, टर्पेंटाइन उडत नाही, केस मरत नाही. म्हणजे बदलण्यासाठी नाही, धुण्यासाठी आणि साठवण्यासाठी सुटं डोकं. मला विचारशील तर तुझा प्रोजेक्ट ह्या बाजूनं ने.

एक महत्त्वाचं. तू ड्रॉइंगचा फोटो इथं टाकणार असं लिहिलंयस, टाकू नकोस. उघड केलेल्या गोष्टीवर नंतर पेटंट मिळायला अडचण होते. आधी बदलत्या ब्रशाची जुनी पेटंटं शोध, लई आहेत, वाचून बरंच शिकशील. तुझ्यात काही वेगळं उरलं तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज कर, त्यानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात, आपल्याला मुंबईचं पेटंट ऑफिस लागतं.

पहिला नमुना थ्रीडी प्रिंटवर काढ, पण पीएलए प्लास्टिकमध्ये हँडल काढून गाडीत उन्हात ठेवू नकोस, साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजी घे आणि जीभेची खाच आडवी झोपवून प्रिंट कर, उभं प्रिंट केलं की वाकवल्यावर थरात तुटतं. जीभ हातानं पत्रा दुमडून झाली तरी चालेल. मग टेबलावर क्लिक-क्लिक करून खूश होऊ नकोस. डोकं लावून जिभेपर्यंत ऑइल पेंटमध्ये बुडव, न पुसता रात्रभर टांगून ठेव, सकाळी एका हातानं उघडतंय का बघ. उघडलं तर पुन्हा बुडव, असं दहा वेळा. मग डोक्याला पाच किलोचं वजन टांग, मग शिडीवरनं फरशीवर टाक. दहाव्या सकाळी काय झालं ते इथं लिही, आणि कुठल्या रंगात केलंस तेही.